द्रुत सुरू झालं की तबकडी थकते

दिवाणखान्यात रेकॉर्ड प्लेअर परत आला आहे. दुकानदार सुई टेकवतो, थोडी खरखर ऐकवतो आणि म्हणतो, "साहेब, ही ऊब डिजिटलमध्ये मिळायची नाही." साहेब पन्नास-साठ हजार मोजून खोकं घरी आणतात. त्यावर ऐकायचं काय, तर ख्याल. माझं भांडण इथे सुरू होतं.

रॉकवाल्यांनी काय घ्यावं, जॅझवाल्यांनी काय घ्यावं, ते त्यांचं त्यांनी बघावं. ख्याल ऐकणाऱ्या घराला मी सरळ सांगतो. सीडी घ्या. ती कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. स्ट्रीमिंग शोधाशोधीपुरतं वापरा. आणि रेकॉर्ड प्लेअर तेव्हाच आणा, जेव्हा तुम्हाला हवं असलेलं गाणं रेकॉर्डशिवाय दुसरीकडे कुठेच नसेल.

कारण ऐका. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला असो की लेबलाजवळ, फेऱ्यांचा वेग तोच. घेर मात्र आत येता येता कमी होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ येईपर्यंत ती 21 सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. खाचेतली वळणं इतकी दाट होतात की सुईच्या टोकाला ती नीट गिरवता येत नाहीत. आवाज चिरकतो, 'स' आणि 'श' फुसफुसतात, वरची चमक मळते. महागडी, बारीक टोकाची सुई लावली की हा दोष कमी होतो. जात नाही.

पॉपच्या एलपी काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. जोरकस गाणं बाजूच्या सुरुवातीला, शांत गाणं शेवटाला, असा क्रम ते लावून घेत. ख्यालाचा क्रम असा फिरवता येतो का? आधी विलंबित, मग द्रुत. आधी संथ बढत, मग बोलताना, सरगम, आणि सगळ्यात शेवटी तिन्ही सप्तकांत फिरणाऱ्या वेगवान ताना. रेकॉर्डची उत्तम जागा मिळते ती आलापाच्या पहिल्या, धीम्या आवर्तनांना. ज्या ताना जोखायला आपण कान टवकारून बसलेलो असतो, त्या येतात नेमक्या लेबलाजवळ, जिथे तबकडी थकलेली असते. सरगमातला 'सा' तिथे शिट्टीसारखा निघतो. तबल्यावरच्या किनारीचा टणत्कार बोथट होतो. ख्यालाचा आणि एलपीचा चढ-उतार एकमेकांच्या अगदी उलट आहे, आणि हे कुठल्याही विक्रेत्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

त्यात जुनी रेकॉर्ड घ्यायला तुम्ही मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर गेलात, तर आणखी एक गोष्ट पदरात पडते. आधीच्या मालकाची बोथट सुई. तिने रेकॉर्ड सगळ्यात जास्त घासलेली असते तीही या आतल्या भागातच. दुकानात रेकॉर्ड तपासताना पहिली दोन मिनिटं ऐकून पैसे देऊ नका. शेवटची दोन मिनिटं लावायला सांगा. द्रुतातल्या ताना फाटत असतील तर रेकॉर्ड खाली ठेवा, जाकीट कितीही देखणं असलं तरी.

बाजूच्या लांबीचाही हिशेब करा. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं मावतात. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या एचएमव्हीच्या गाजलेल्या एलपीवर एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मैफलीत तासभर उलगडणारा राग तिथे एका बाजूत बसवला आहे. कलावंत एवढा मोठा की तेवढ्या वेळातही रागाचं रूप पुरं उभं राहिलं. त्याआधी तर 10 इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मिळायची. गौहर जान 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी बसल्या, तेव्हापासून कित्येक दशकं आपल्या गायकांनी या तीन मिनिटांना तोंड दिलं. सीडीने 74 मिनिटं दिली. ख्यालाला पहिल्यांदा त्याच्या मापाचा कपडा मिळाला.

आता 'ॲनालॉगच्या उबे'कडे वळू. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी आहे. मूळ टेपवरून कापलेल्या महागड्या रेकॉर्डसाठी ती नावाजलेली. 2022 साली उघड झालं की तिच्या अनेक रेकॉर्ड बनवताना मधे डिजिटल टप्पा होता, आणि हे कित्येक वर्षं चाललं होतं. ज्यांनी त्या घेतल्या ते कानाचे पक्के म्हणवणारे लोक होते. डिजिटलचा एक थेंबही आपल्याला लगेच कळतो, असं छातीठोक सांगणारे. तरी त्यातल्या कोणी नुसतं ऐकून ओळखलं नाही. कंपनीच्याच इंजिनिअरांनी कबूल केलं तेव्हा कळलं. ग्राहक कोर्टात गेले आणि प्रकरण अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. माझ्या मते या प्रकरणाने उबेचा वाद निकालात काढला. कानाला आवडलेली गोष्ट होती चांगल्या टेपची आणि काळजीने केलेल्या कामाची. मधला टप्पा डिजिटल असल्याने तिचं काही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या टोकाचे विक्रेतेही तितकेच बोलघेवडे. ते म्हणतात, सीडी जुनी झाली, आता हाय-रेझ, म्हणजे सीडीहून बारीक तपशिलाचा डिजिटल आवाज, घ्या. सीडीत दर सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटचा. त्यातून 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मिळतो आणि सुमारे 96 डेसिबलचा आवाका. पन्नाशी उलटलेल्या कानाला 15 हजारांच्या वरचं सहसा ऐकूच येत नाही. अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी 2007 साली एक साधा प्रयोग छापला. हाय-रेझ ध्वनी थेट ऐकवायचा, आणि तोच सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवायचा. कोणता कोणता ते ओळखा. 554 चाचण्यांत 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून याहून वेगळं काय निघतं? तेव्हा त्याच गाण्याला 'हाय-रेझ' म्हणून जादा पैसे मागत असतील, तर देऊ नका. ते पैसे स्पीकरवर घाला, किंवा खोलीत जाड पडदे आणि सतरंजी घाला. फरक पहिल्या दिवशी ऐकू येईल.

याचा अर्थ सीडी म्हटली की चांगलीच, असा नाही. मूळ टेपवरून सीडी बनवणारा माणूस कोण होता आणि त्याला कान होते का, यावर सगळं आहे. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' 2008 साली आला. सीडीवर आवाज इतका दाबून, इतका मोठा केला होता की संगीत पिळवटून निघालं. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये आली, ती कमी दाबलेली होती आणि सरस ऐकू यायची. दोन्ही डिजिटलच. फरक हाताचा.

आपल्याकडे दाबण्यापेक्षा पुसण्याचा रोग मोठा आहे. जुन्या टेपमध्ये सूंऽऽ असा आवाज असतो. सीडी काढताना कोणीतरी कॉम्प्युटरवर तो 'साफ' करतो. पण तानपुऱ्याच्या जवारीतून जी वरची सुरावट फुलते, तिचा वरचा भाग आणि टेपचा हा सूं एकाच पट्ट्यात राहतात. एकाला हाकललं की दुसरं जातं. मग गायक काचेच्या पेटीत उभा राहून गातोय असं वाटतं. मागे तानपुरा हवा, तिथे नुसता धूसर गुंजारव उरतो. अशी सीडी घेण्यापेक्षा त्याच गाण्याची नीट जपलेली जुनी एलपी शंभर पटीने बरी, शेवटच्या ताना फाटल्या तरी. माझी कसोटी ठरलेली आहे. सीडी लावली की पहिली दहा सेकंदं, गायक तोंड उघडायच्या आधी, तानपुरा ऐकायचा. चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, खर्जाची तार सुटल्यावर तिच्यातून गंधार वर आला, तर पुढे सगळं ठीक असतं.

78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, तबकड्यांवरून केलेल्या सीडींचं दुखणं आणखी वेगळं, आणि याचा मला खरोखर संताप येतो. '78' हे नावापुरतं. जुन्या तबकड्या सगळ्याच त्या नेमक्या वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत, काही त्याहून जलद, काही मंद. 80 फेऱ्यांची तबकडी 78 ने वाजवली की सूर जवळजवळ पाव स्वराने उतरतो. पांढरी एक आणि काळी एकच्या मधे कुठेतरी लटकतो. लय ढिली पडते, तानेची धार जाते, आवाज आहे त्यापेक्षा जड वाटतो. उलट चुकलं तर भारदस्त पुरुषी आवाज किनरा होतो. गायक कोणत्या पट्टीत गात असे हे माहीत असलेल्या माणसाला पेटी घेऊन पाच मिनिटांत ही चूक दुरुस्त करता येते. पण तबकडी कोणत्या वेगाने वाजवून उतरवली, हे सीडीच्या पाठीवर छापलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

आणि दुसरीकडे पाहा. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर अवकाशात गेली. त्या तबकडीच्या आवरणावर ती कोणत्या वेगाने फिरवायची, सुई कशी धरायची, हे चित्रांनी कोरलेलं आहे. एक फेरा 3.6 सेकंदांचा. परग्रहावर कोणी असेल-नसेल, त्याच्यासाठी वेग लिहून ठेवला. इथे दादर-पुण्यात पैसे मोजून केसरबाई विकत घेणाऱ्याला तेवढी एक ओळ नको?

ता. क. म्हणून द्यावी अशी एक सूचना मधेच देतो. नव्या स्वस्त रेकॉर्ड प्लेअरवर 78 चं बटण असतं म्हणून आजोबांच्या काळ्या, जड तबकड्या त्यावर लावू नका. एलपीच्या सुईचं टोक साधारण 18 मायक्रॉनचं, 78 च्या खाचेला ते 65 ते 75 मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन घसटते. गाणं कमी आणि कचरा जास्त ऐकू येतो, आणि सुईही जाते. वेगळी सुई मिळाली तरच लावा.

स्ट्रीमिंगवर लोक आवाजाच्या दर्जावरून टीका करतात. मी करणार नाही. 320 केबीपीएसचा प्रवाह ॲम्प्लिफायरला वायरने जोडला तर बहुतेक घरांत तो उत्तम वाजतो. अनेक सेवा आता त्याच भाड्यात सीडीच्या दर्जाचा आवाजही देतात. तो ब्लूटूथने पाठवू नका, एवढंच. तिथे दाबलेला आवाज पुन्हा दाबला जातो.

माझी तक्रार आहे ती स्ट्रीमिंगला आपलं संगीत कळत नाही याची. ॲपच्या लेखी जगातलं प्रत्येक संगीत म्हणजे 'साँग'. विलंबित एक साँग, द्रुत दुसरं साँग. फुकटातल्या खात्यावर क्रम उलटासुलटा होतो आणि बडा ख्याल संपण्याआधी तराणा येऊन बसतो. मधे जाहिरात. रागाचं नाव चार स्पेलिंगांत. ताल नाही, साल नाही, मैफल की स्टुडिओ ते नाही. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, सारंगीवर कोण, मागे तानपुऱ्यावर बसून स्वर लावणारी शिष्या कोण, काही नाही. एलपीचं जाकीट एक फूट रुंद असायचं आणि त्याच्या पाठीवर यातलं पुष्कळसं छापलेलं असायचं. एलपीवर माझं प्रेम आहे ते या पाठीसाठी. साथीदाराचं नाव पुसणं हा माझ्या लेखी आवाज बिघडवण्याइतकाच मोठा अपराध आहे. लहानपणी कित्येकांना तबलजींची नावं पाठ झाली ती अशा जाकिटांवरूनच.

शिवाय भाड्याचं घर कधीही सोडावं लागतं. मार्च 2023 मध्ये झी म्युझिकशी करार जमला नाही आणि स्पॉटिफायवरून शेकडो हिंदी गाणी गेली. रेसो ही सेवा जानेवारी 2024 अखेर भारतातून बंद झाली. विंक म्युझिकने त्याच वर्षी गाशा गुंडाळला. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं याद्या लावल्या होत्या, त्यांच्या हातात काय राहिलं? हिंदी सिनेमाच्या गाण्यांसाठी कंपन्या पुन्हा भांडतील, पुन्हा करार करतील, गाणी परत येतील. जयपूर-अत्रौली घराण्याचा एखादा अनवट राग यादीतून गळला तर त्याच्यासाठी कोण भांडणार आहे?

सारेगामाच्या कारवाँला पुष्कळ जण नाकं मुरडतात. मी नाही मुरडणार. 2017 साली आलेल्या त्या डब्याने 5,000 गाणी एका गोल खटक्यावर आणली, आणि ज्या आजी-आजोबांना ॲप उघडता येत नव्हतं त्यांच्या घरात पुन्हा गाणं सुरू झालं. हाय-फायच्या चर्चेत वापरणाऱ्याचा हात कोणी हिशेबात धरत नाही. ज्या घरात ऐकणारा माणूस ऐंशीचा आहे, तिथे एका खटक्यावर लागणारं यंत्र हेच सगळ्यात उच्च दर्जाचं.

आता उरल्या कॅसेट. इथे मला सगळ्यात जास्त घाई आहे. सीडी, एलपी कंपन्यांनी हजारोंनी काढल्या, कुठे ना कुठे सापडतील. पण मराठी घरांच्या माळ्यांवर, लोखंडी कपाटांच्या खालच्या खणांत ज्या कॅसेट पडल्या आहेत, गणेशोत्सवातल्या मैफलीच्या, कोणाच्या घरच्या बैठकीच्या, देवळातल्या पहाटेच्या गाण्याच्या, त्यांची दुसरी प्रत बहुधा नाहीच. काकांनी समोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं ते ध्वनिमुद्रण. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीसाव्या मिनिटाला खटकन थांबते, गायक समेवर यायच्या बेतात असतानाच. पलीकडची बाजू लावेपर्यंत एक आवर्तन गेलेलं. तरी ते सोनं आहे.

ते उतरवून घेताना एक काम करा. बऱ्यापैकी डेक मिळवा, कोणाकडून उसना आणलात तरी चालेल. झाकण उघडलं की हेडच्या कडेला एक छोटा स्क्रू दिसतो. त्याने हेडचा कल बदलतो. तुमच्या काकांच्या टेपरेकॉर्डरचं हेड जरा तिरकं असेल, तर या डेकवर ते गाणं पांघरुणातून आल्यासारखं ऐकू येईल. कॅसेट चालू ठेवून बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू हळूहळू, अगदी केसाएवढा, फिरवायचा. एका जागी पडदा दूर होतो. जवारी लखलखते, चाटीचा आवाज टोकदार होतो. थांबायचं तिथेच, मगच उतरवायला घ्यायचं. नव्या कॅसेटसाठी पुन्हा तेच. बाजारात पैसे घेऊन कॅसेट उतरवून देणारे पुष्कळ आहेत. हा स्क्रू फिरवणार का, एवढं विचारा. समोरचा गोंधळला तर कॅसेट परत घेऊन या.

आता उतरवण्याची तऱ्हा. सीडीसाठी कॉम्प्युटरला बाहेरून लावायचा ड्राइव्ह दोन-अडीच हजारांत येतो. चूक सापडली की तोच भाग पुन्हा वाचणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे त्यातलं जुनं आणि विश्वासाचं. फाइल एमपीथ्री करू नका, फ्लॅक करा. फ्लॅकमध्ये आवाजाचा एक कणही जात नाही, आणि सीडी साधारण निम्म्या जागेत मावते. एक टेराबाइटच्या डिस्कवर दोन-अडीच हजार सीडी बसतात. तेवढं ऐकायला कित्येक वर्षं लागतील. एक डिस्क घरी, तशीच दुसरी भावाकडे किंवा बहिणीकडे, दुसऱ्या छपराखाली.

आणि फाइलला नाव देताना कंजुषी नको. आधी गायक, मग राग, ताल, लय, बंदिशीचे पहिले शब्द, साल, गाव. त्यापुढे तबला कोण, पेटी कोण, सारंगी कोण, तानपुऱ्यावर कोण. देवनागरीतच लिहा, बहुतेक ॲप्स ती नीट दाखवतात. सीडीच्या वेष्टनावर नावं नसतील तर घरातल्या जुन्या जाणत्याला समोर बसवून लावा, तबल्याचा हात ओळखणारी माणसं अजून आहेत. त्यांना या दिवाळीच्या सुट्टीतच बोलवा, कॅसेटचा खोका आधी काढून ठेवा, आणि काकांनी निळ्या शाईने चिठ्ठीवर जे काही लिहिलंय त्याचा मोबाइलवर फोटो घेऊन तो त्याच फोल्डरमध्ये टाका.